वाळूवेलीखालचं घर

तुमचे बूट मी फिरवून ठेवलेत, दारात बघून गोंधळू नका. आमच्याकडे पाहुणा आत येऊन बसला की घरची बाई हळूच बाहेर जाते आणि त्याची पायताणं उलट फिरवून ठेवते, टोकं बाहेरच्या दिशेला. निघताना पाय घातला की चालू लागायचं. घरच्या माणसाच्या सपाता मात्र कोणी फिरवत नाही. तो आत शिरला तशाच त्या घराकडे तोंड करून पडलेल्या असतात. एवढं ध्यानात ठेवा, कारण मी सांगणार आहे त्या गोष्टीत भुतं कमी आणि सपाताच जास्त आहेत.

वीज काही आता येत नाही. उत्तरेचा वारा एकदा सुरू झाला की आमच्या बेटावरची वीज आणि शेजारच्या मोठ्या इशिगाकी बेटाची बोट, दोघी हातात हात घालून गायब होतात. दिव्यात तेल आहे. हे गोड वडे घ्या, गरम आहेत तोवर खा. मघाशी तुम्ही किनाऱ्यावरच्या त्या थडग्यावरची वेल ओढून पाहत होता, म्हणून ही गोष्ट आठवली. ओढलीत ती ओढलीत, त्यांना राग येत नाही. त्यांना माणसं आवडतात.

अमेरिकेने आमची बेटं जपानला परत दिली, डॉलर जाऊन येन आले, त्यानंतरच्या लगेचच्या वर्षांतली गोष्ट. मी तिशीची होते आणि लग्न केलेलं नव्हतं. पुढेही केलं नाही. कोणी विचारलंच नाही असं समजू नका. विचारणारे होते, पण त्यांच्यापेक्षा मला माझी खानावळ बरी वाटली.

पहिल्या चांद्रमहिन्याची सोळावी म्हणजे आमच्याकडे मेलेल्यांचं नवं वर्ष. पौर्णिमा नुकती सरलेली असते. त्या दिवशी सगळं गाव आपापल्या थडग्यापुढे चटया पसरून जेवतं, पितं, गातं. थडगी तुम्ही पाहिलीतच. कासवाच्या पाठीसारखी गोल, पुढे लहानसं दगडी अंगण आणि मधोमध लिंपून बंद केलेलं तोंड. आत पायऱ्यापायऱ्यांच्या फळ्यांवर अस्थींचे रांजण. गर्भार बाईच्या पोटासारखा आकार आहे म्हणतात, आलो तिथेच परत जायचं म्हणून.

आता या परत जाण्याचेही कायदे असतात. लग्न झालेली बाई नवऱ्याच्या थडग्यात जाते. माझी आत्या, बुनारी तिचं नाव, इशिगाकीला दिली होती. मूल झालं नाही म्हणून नवऱ्याने दुसरी आणली आणि हिला बोटीत बसवून दिलं. परत आलेल्या लेकीला बापाच्या थडग्यात जागा नसते. तिच्या अस्थी बाहेर, कडेच्या भिंतीला एक भोक करून त्यात ठेवतात. तिच्या नावाची पाटी देवघरात लागत नाही. सोळावीला तिला वेगळं पान नाही, उरलंसुरलं कोणी ठेवलं तर ठेवलं. लग्न न झालेल्या मुलीचीही तीच गत, म्हणजे माझीही.

आत्या यावर हसायची. "मला समुद्रात टाका," म्हणायची, "मासे तरी म्हणतील, बाईने मरताना चांगलं खाऊ घातलं." पण मी तिच्याच खोलीत झोपायचे. ती रात्री उठून बसायची आणि भिंतीकडे बघायची, हे मला ठाऊक होतं. मरणाला ती भीत नव्हती. बाहेर राहायला भीत होती.

आणि तिला बाहेर ठेवणार होता तो तिचा सख्खा धाकटा भाऊ, माझा सेइतोकूकाका. माझे वडील गेल्यापासून घराचा कर्ता तोच. उमर सगळी कुपा मासा धरणाऱ्या बोटींवर गेली, पुरुषभर लाटांना घाबरला नाही, पण रीतीला मात्र मांजर पाण्याला घाबरतं तसा घाबरायचा. "माझं का काही वाईट आहे ताईशी?" तो आईला सांगायचा. "पण उद्या घरात कोणी आजारी पडलं तर सगळे मलाच म्हणतील ना, वहिनी?"

त्याआधीच्या शरदात मोठं वादळ झालं होतं. किनारा ओळखू येईना इतकी वाळू इकडची तिकडे गेली. सोळावीच्या आधी थडगं झाडून ठेवायचं असतं, पण आठवडाभर पाऊस आणि वारा, कोणी गेलंच नाही. त्या दिवशी सकाळी मात्र ऊन पडलं. आम्ही चौघंच निघालो, काकाचा मुलगा नोकरीसाठी इशिगाकीला होता. आत्या विळा आणि झाडू घेऊन पुढे, मी आणि आई जेवणाचे लाकडी डबे घेऊन मागे, आणि काका खांद्याला तीन तारांचं सनशिन लटकवून, हातात दारूची बाटली घेऊन कप्तानासारखा.

थडग्यांच्या रांगेपाशी आलो आणि थांबलोच. मर्यादवेलीवरून चढत चढत वाळूवेल थडग्यांवर पसरली होती. तुमच्याकडे अमरवेल म्हणता ना, त्यातलाच प्रकार. पान नाही, मूळ नाही, नुसता हिरवा-नारिंगी दोरा, एकात एक गुंतलेला. सगळी कासवं एकाच जाळ्यात सापडल्यासारखी दिसत होती. आमच्या थडग्याची खूण म्हणजे डावीकडचं केवड्याचं झाड. एक केवडा होता खरा, आडवा पडलेला.

"हेच आपलं," काका म्हणाला.

"भावजी, आपलं जरा पुढे नाही का?" आई म्हणाली.

"वहिनी, पाण्याखालचा मासा मला वासाने कळतो. बापाचं थडगं चुकेन होय मी?"

आत्याने विळा चालवला, आम्ही हाताने वेल ओढायला लागलो. मी एक दोरा धरून ओढत गेले, म्हटलं मुळापासून उपटू. तो भिंतीवरून गेला, झुडपावरून गेला, परत भिंतीवर आला आणि दुसऱ्याच दोऱ्यात संपला.

"मूळ शोधतेस?" काका हसला. "म्हातारी होशील. बी रुजतं तेव्हा मूळ असतं. आधार सापडला की मूळ सुकून जातं, मग दुसऱ्याच्या रसावर जगायचं. ही कुठे नाही सांग! हवाईला पाहिली, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पाहिली. ऑस्ट्रेलियात तर हिचं माहेर. बहिणीच बहिणी, कोणी सुतळीएवढी जाड, कोणी लवदार, कोणी सगळं झुडूप झाकून टाकणारी. आपल्याकडे इए नावाच्या बेटावर एक आहे, केसाएवढी बारीक. एवढे देश पालथे घातले, पण एकीला स्वतःचं मूळ असेल तर शपथ!"

आत्याने तोवर एक मूठभर वेल वळून तिचं कडं केलं होतं. डब्याच्या फडक्याचा लाल दोरा काढून टोकं बांधली आणि ते डोक्यावर घातलं. लहानपणी सगळ्या मुली घालतात तसं. पन्नाशी ओलांडलेली बाई, पण दिसली मात्र गोड.

"एवढ्या देशांत घर आहे तिला," आत्या म्हणाली, "मूळ घेऊन काय करायचंय?"

तोंडाचा दगड दिसेल एवढी वेल आम्ही काढली. मग चटई पसरली, सपाता चटईच्या कडेला काढल्या. आत्या नेहमीप्रमाणे सगळ्यांत मागे, अर्धी चटईवर आणि अर्धी वाळूत बसली. परत आलेल्या बाईची तीच जागा. काकाने आधी बाजूला भूमीच्या देवाला उदबत्ती लावली. मग थडग्यापुढे बसून मोठ्याने नाव सांगितलं, "आम्ही वरच्या वाटेवाले, सगळे सुखरूप आलो आहोत. या, जेवायला बसा."

उत्तरेचा वारा होता, उदबत्ती दोनदा विझली होती. काकाचं बोलणं संपलं आणि वारा पडला. समुद्रावर पांढऱ्या लाटा दिसत होत्या, पलीकडचे केवडे हलत होते, आमच्या अंगणात मात्र फडक्याचं टोकही हलेना. काळी उदबत्ती भसकन पेटली आणि बघता बघता राख होऊन गेली, एखाद्या उपाशी माणसाने घास गिळावा तशी.

"भूक लागलेली दिसतेय," आई हळूच म्हणाली. आम्ही हसलो. पण मला एक वास येत होता. ओल्या लाकडाच्या चुलीचा, रताळी भाजल्याचा. सोळावीला किनाऱ्यावर कोणी चूल पेटवत नाही, सगळे घरून करून आणतात. मी मागे वळून पाहिलं, तर धूर कुठेच नव्हता.

जेवण असं होतं की आजही तोंडाला पाणी सुटतं. सोयात शिजवलेलं डुकराचं मांस, तळलेला टोफू, कोम्बू शेवाळाच्या गाठी, माशाचे वडे, आणि तांदळाची मोची. पितरांपुढे डबे उघडून ठेवायचे, थोड्या वेळाने आपण खायचं. काकाने दोन पेले घेतले आणि सनशिन जुळवलं. आमच्याकडे शेतात गायची जुनी गाणी सवालजवाबाची असतात, एक ओळ पुरुषांची, एक बायकांची. काकाने ओळ टाकली. नेमकी आम्ही तिघींनी मोची तोंडात घातली होती. मोची म्हणजे चिकट प्रकरण, ती गिळेपर्यंत देवाचंही नाव घेता येत नाही. मी हाताने खूण केली, थांब जरा.

आणि बायकांची ओळ आली.

दुरून नाही, जवळून. दगडाच्या आडून गायल्यासारखी, थोडी दबलेली. सुरात. एक म्हातारा आवाज, एक-दोन तरुण आणि एक अगदी कोवळा, बाकीच्यांच्या मागून धावत येणारा.

काकाचे डोळे मिटलेले होते. त्याला वाटलं आम्हीच. "वा!" म्हणाला आणि पुढची ओळ टाकली. आम्ही तिघी एकमेकींकडे पाहत होतो. आईच्या हातातली जेवायची काडी खाली पडली.

"वन्सं..." आई पुटपुटली, "तुम्ही गायलात?"

आत्याने मान हलवली, नाही म्हणून.

दुसरी ओळ आली. या वेळी मागे टाळ्याही होत्या. पळावं असं वाटलं, खोटं कशाला बोलू... पण ते गाणं इतकं खुशीत होतं! फार दिवसांनी कोणी माहेरी आल्यावर घरात गडबड उडते, तशी त्या आवाजांत गडबड होती. भीती वाटत होती आणि पाय ताल धरत होते, दोन्ही एकदमच.

मग आत्या उठली. आपण होऊन उठल्यासारखी नाही. कोणीतरी कोपराला धरून, चल ग, म्हणून उठवावं तशी. सोळावीला ती कधी मध्ये नाचत नसे. त्या दिवशी ती चटईच्या मधोमध आली, डोक्यावर वेलीचं कडं, हात वर, आणि नाचायला लागली. माझी आत्या एवढी सुंदर नाचते हे मला तेव्हा कळलं. नाचताना ती कोणाला तरी वाट देत होती, कोणाच्या तरी हातावर हात टेकत होती, आणि गुडघ्याएवढ्या उंचीच्या कोणाला तरी सांभाळून वळत होती. मग मीही उठले, आईही उठली. किती वेळ नाचलो देव जाणे. ऊन कलतं झालं तेव्हा आम्ही धापा टाकत बसलो आणि हसत सुटलो, कशाला ते ठाऊक नाही.

तेवढ्यात वरच्या वाटेने ताबारू आजोबा काठी टेकत आले. त्यांच्या घरचं थडगं रांगेच्या टोकाला आहे.

"काय गाता ग तुम्ही!" ते लांबूनच ओरडले. "आमची सगळी मंडळी जेवण सोडून ऐकत होती. किती बायका आणल्यात?" मग जवळ येऊन त्यांनी आम्हाला पाहिलं, थडग्याकडे पाहिलं, आणि तोंड उघडंच राहिलं. "अरे सेइतोकू, तू कोणाच्या पितरांना जेवायला घातलंस?"

"कोणाच्या म्हणजे? आमच्या."

"तुमचं ते, पलीकडचं! त्याचा केवडा वाहून गेला. हा केवडा यांचा. हे खालच्या विहिरीवाल्यांचं थडगं आहे, बाबा!"

काकाच्या मांडीवरून सनशिन घसरलं.

खालच्या विहिरीवाल्यांचं नाव मी फक्त ऐकून होते. महायुद्धात, लढाईच्या वर्षी, लष्कराने सगळ्या बेटाला मलेरियाच्या रानात नेऊन टाकलं होतं, तेव्हा ते घर आजीपासून रांगत्या पोरापर्यंत संपलं. लढाईनंतर गावकऱ्यांनी त्यांच्या अस्थी शोधून आणल्या. ताबारू आजोबांनीच त्या या थडग्यात ठेवल्या आणि तोंड लिंपलं. त्यानंतर त्यांच्यापुढे कोणी उदबत्ती लावली नव्हती, कारण लावणारं कोणी उरलंच नव्हतं.

"गाणारी माणसं होती," आजोबा म्हणाले. "भात लावताना त्या घरच्या बायका गायला लागल्या की बाकीच्या वाफ्यांतली कामं थांबायची." एवढं बोलून त्यांनी थडग्याला वाकून नमस्कार केला आणि आमच्याकडे न बघता निघून गेले.

आईने डबे उचलले आणि किंचाळली. डबे हलके होते. कोम्बूची एक गाठसुद्धा उरली नव्हती. आम्ही थोडंसंच खाल्लं होतं, शपथेवर सांगते. आणि पलीकडे, पन्नास पावलांवर, आमचे स्वतःचे पितर सकाळपासून उपाशी बसले होते!

"मेलो," काका म्हणाला. तो पांढराफटक पडला होता. "ताई, कळतंय का काय झालं ते? बेवारस मेलेल्यांना नाव सांगून, हाताला धरून जेवायला बसवलं आपण. हे आता सोडतील का? ही वेल चढते तसे आपल्या घरावर चढतील. शोषून घेतील आपल्याला!"

आत्या केस नीट करत होती. डोक्यावरचं कडं कुठे पडलं होतं कोणास ठाऊक. ती शांतपणे म्हणाली, "चढू देत."

"काय?"

"चढू देत म्हटलं. मी नाही चढले तुझ्या घरावर? एवढी वर्षं तुझ्याच रसावर जगतेय ना मी? मेलास का तू त्याने?"

काका बाटलीचं बूच लावत बसला.

"सेइतोकू, तुला मी पाठीवर घेऊन फिरवलंय. तुला दोष देत नाही. रीत आहे, माझी जागा बाहेरच्या भोकात. पण आज मला कोणीतरी हाताला धरून मध्ये नेलं. या जन्मात पहिल्यांदा." तिने थडग्याकडे हात केला. "दरवर्षी मी यांच्यापुढे डबा उघडणार. आणि मेल्यावर मला इथे ठेवा. यांना माणूस नाही, मला घर नाही."

"असं कसं ठेवू?" काका रडकुंडीला आला होता. "दुसऱ्याच्या घरात विचारल्याशिवाय माणूस घुसवायचं? त्यांची परवानगी कोण देणार? ते बोलतात का?"

मला तेव्हा सपाता घालायच्या होत्या, म्हणून मी चटईच्या कडेला गेले होते. मी खाली पाहिलं आणि तिथेच थांबले.

"काका..." मी म्हणाले. "इकडे या."

आम्ही सगळे थडग्याकडे तोंड करून आलो होतो आणि सपाता काढून चटईवर चढलो होतो. त्या वेड्यावाकड्या पडायला हव्या होत्या. पण आईच्या, माझ्या, काकाच्या सपाता कोणीतरी उलट फिरवून ठेवल्या होत्या. टोकं समुद्राकडे, जोडीला जोडी लावून, वाळू झटकून, चांगल्या घरची बाई पाहुण्यांच्या ठेवते तशा. आत्याच्या निळ्या पट्ट्याच्या सपाता मात्र फिरवलेल्या नव्हत्या. त्या थडग्याकडे तोंड करून होत्या. आणि कडेलाही नव्हत्या, आमच्या सगळ्यांच्या पुढे, दगडाच्या अगदी जवळ ठेवल्या होत्या.

भोवतीच्या वाळूत आमच्या पावलांखेरीज कसली खूण नव्हती.

सनशिनची एक तार आपोआप किंचित वाजली, वाऱ्याने वाजली असेल, वारा पुन्हा सुटला होता. काकाने बराच वेळ त्या सपातांकडे पाहिलं. रीतीचा माणूस तो, त्याला याहून स्पष्ट कोण काय सांगणार? तो वाळूत गुडघ्यांवर बसला, कपाळ दगडाला लागेपर्यंत वाकला आणि म्हणाला, "आमच्या ताईला पदरात घेताय, उपकार झाले. जरा हट्टी आहे. सांभाळून घ्या."

"हट्टी कोण रे!" आत्या म्हणाली आणि मग आपली बाही तोंडावर घेऊन ढसाढसा रडली. आईही रडली. मी डबे आवरले, कारण कोणीतरी आवरायलाच हवे होते.

मग आमची जी धावपळ! घरी जाऊन पुन्हा टोफू तळला, पुन्हा मांस शिजवलं, अंधार पडायच्या आत आमच्या पितरांपुढे जाऊन माफी मागितली. काका त्यांना म्हणाला, "डोळ्यांचा दोष, चष्मा करतो." आणि खरंच केला.

घरावर कोणी चढलं का? चढलं असेल तर बरंच झालं म्हणायचं. पुढच्या वर्षी काकाच्या मुलाला मूल झालं, माझी खानावळ चालली, आत्याचा गुडघा दुखायचा थांबला. दर सोळावीला आमच्या दोन चटया असायच्या. सकाळी आमच्या थडग्यापुढे आणि दुपारी खालच्या विहिरीवाल्यांपुढे, आणि खरी मजा दुपारच्या चटईवर. मोची तोंडात असताना काका मुद्दाम गाणं सुरू करायचा. कधी उत्तर यायचं, कधी नाही. वेल आत्या कधी सगळी कापू देत नसे. "छप्पर आहे त्यांचं," म्हणायची, "दारापुरती काढा."

आत्या शंभरीला टेकेपर्यंत जगली. सत्त्याण्णव वर्षांची झाली तेव्हा गावाने तिला रीतीप्रमाणे रंगीत भिरभिरी हातात देऊन गाडीतून मिरवलं. इतक्या वयाचं माणूस पुन्हा मूल होतं म्हणतात. ती भिरभिरं फुंकत सगळ्यांना सांगत होती, "माझी जागा झालेली आहे हो!" त्यानंतरच्याच हिवाळ्यात झोपेत गेली. इशिगाकीला दहन झालं, रांजण बोटीने आला.

थडगं उघडलं त्या दिवशी लखलखीत ऊन होतं. ज्यांच्या जन्माचं वर्ष त्या वर्षाशी पटत नाही त्यांनी पाठ फिरवून उभं राहायचं असतं. काका नव्वदीचा, चष्मा लावून पाठमोरा उभा होता. माझं वर्ष पटत होतं. गवंड्याने चुना फोडला, दगड सरकवला. लढाईनंतर ते तोंड पहिल्यांदाच उघडत होतं. आतून कुबट हवा येईल असं वाटलं होतं, तर भाजलेल्या रताळ्यांचा वास आला.

रांजण घेऊन मीच वाकून आत गेले. फळीवर त्यांचे सगळ्यांचे रांजण ओळीने होते, एक अगदी लहान. मधोमध एका रांजणाची जागा मोकळी, झाडून स्वच्छ केलेली. आणि त्या जागेवर वाळूवेलीचं कडं होतं. टोकं लाल दोऱ्याने बांधलेली. हिरवंगार, त्यावर मोत्यांएवढी पांढरी फळं. उन्हाशिवाय आणि दुसऱ्या झाडाशिवाय एक दिवस न जगणारी ती वेल त्या बंद अंधारात ताजी होती.

मी ओरडले नाही. कडं उचललं, रांजण ठेवला आणि ते रांजणाच्या गळ्यात घातलं. बाहेर येऊन कोणाला काही सांगितलंही नाही. दगड लावला, चुना लिंपला, चटई पसरली. काकाने सनशिन धरलं. आम्ही सगळ्यांनी तोंडात मोची भरली, आत्याची आठवण म्हणून. त्याने ओळ टाकली. उत्तर आलं, आणि त्या आवाजांमध्ये सगळ्यांत मोठा, सगळ्यांच्या पुढे पळणारा आवाज कोणाचा हे चटईवरच्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. काका गाता गाता हसत होता आणि चष्म्याच्या काचा पुसत होता.

संध्याकाळी निघालो. घरची-नात्याची पन्नासेक माणसं होती त्या दिवशी, नातवंडं-पतवंडं धरून. सगळ्यांच्या सपाता, बूट, पोरांचे इवलेसे जोडे, सगळे फिरवून, जोडीला जोडी लावून ठेवलेले. पोरांना वाटलं मोठ्यांनी ठेवले, मोठ्यांना वाटलं पोरांनी. पाय घातले आणि हसत बोलत वाटेला लागले.

मी मागे राहिले होते. माझ्या सपाता काही मला कडेला सापडेनात. मग दिसल्या. दगडापाशी होत्या, सगळ्यांच्या पुढे. वाळू झटकलेली, आणि फिरवलेल्या नाहीत.

त्याला आता बरीच वर्षं झाली. हे घ्या, शेवटचा वडा तुम्हीच संपवा. आणि दिवा इकडे द्या, दाराची कडी लावून येते. तुमचे बूट पुन्हा एकदा बघून येते, टोकं बाहेरच्या बाजूला आहेत ना ते.